अटारॅक्स, खाज आणि हृदयाचे ठोके: अ‍ॅडमिट पेशंटच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, वॉर्डातल्या फाइली आणि औषधांचे चार्ट बघणं हे रोजचं काम. खाजेची गोळी म्हणजे हायड्रॉक्सिझिन, आपल्या जळगाव-धुळ्याकडे जिला सगळे अटारॅक्स म्हणूनच ओळखतात, तिच्याबद्दल नातेवाईक जे काय विचारतात ते सगळं एका जागी लिहून काढलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोळी वाईट नाही, पण अ‍ॅडमिट असलेल्या पेशंटला ती द्यायच्या आधी अख्खी फाइल बघितलीच पाहिजे, आणि ते होत नसेल तर घरच्यांनी विचारलं पाहिजे. हे वाचून कोणी आपल्या मनाने औषध बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

ही गोळी नेमकी कशासाठी देतात?

खाज, पित्त उठणं, अंगावर गांधी येणं, अ‍ॅलर्जी, कधी घाबरल्यासारखं होतं त्यासाठी, आणि ऑपरेशनच्या आधी पेशंट शांत राहावा म्हणून. औषध जुनं आहे, १९५० च्या दशकातलं. जुन्या पिढीचं अँटीहिस्टॅमिन असल्याने ते मेंदूपर्यंत जातं, म्हणून गुंगी येते, आणि खरं सांगायचं तर वॉर्डात निम्म्या वेळा ते ह्या गुंगीसाठीच दिलं जातं. रात्री अकराला एखादी आजी म्हणते "आंगले भलती खाज सुटेल शे, गोयी द्या", ड्युटीवरचे डॉक्टर दमलेले असतात, चार्टवर एक ओळ वाढते आणि मग ती ओळ डिस्चार्जपर्यंत रोज रात्री चालू राहते, ती कशासाठी, कधी सुरू झाली होती हे कोणी बघत नाही.

खाजेच्या गोळीचा हृदयाशी काय संबंध?

संबंध आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं आणि त्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर पडायला लागतं. ते ज्या वाटांनी बाहेर पडतं त्यातली एक महत्त्वाची वाट हे औषध थोडीफार अडवतं. मग पेशींना तयार व्हायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात मध्येच एखादा चुकार ठोका पडला तर सगळी लय बिघडू शकते. आखाजीला झोका बांधतो ना आपण, तो पूर्ण परत यायच्या आधीच कोणी धक्का दिला की तो वाकडातिकडा फिरायला लागतो, तसंच काहीसं.

ह्या बिघडलेल्या लयीला टॉरसाड द पॉइंट म्हणतात, १९६६ साली देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव दिलं, कारण ईसीजीच्या पट्टीवर रेघ पिळ घातल्यासारखी दिसते. ती काही सेकंदात आपोआप थांबूही शकते आणि पेशंटला नुसती चक्कर येऊन जाते, पण थांबली नाही तर हृदय रक्त फेकायचंच बंद करतं.

रिपोर्टवर क्यूटी, क्यूटीसी लिहिलेलं असतं ते काय?

ईसीजीवर ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. ठोके जलद असले की हा वेळ आपोआप कमी होतो म्हणून ठोक्यांच्या हिशोबाने तो दुरुस्त करतात, ते क्यूटीसी. मोजमाप मिलिसेकंदात. साधारणपणे पुरुषांत ४५० च्या आत आणि बायकांत ४६० च्या आत असला म्हणजे ठीक. ५०० च्या वर गेला, किंवा औषध सुरू केल्यावर आधीपेक्षा ६० ने वाढला, तर डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यायचं.

पट्टी हातात असेल तर अंदाज तुम्हालाही घेता येतो. नेहमीच्या वेगाने काढलेल्या ईसीजीत एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे साडेबारा चौकोन झाले की ५००. पण निदान तुम्ही करू नका.

आम्ही तर घरी कितीतरी वर्षं घेतोय, आम्हाला काही झालं नाही. मग?

बरोबरच आहे तुमचं. धडधाकट माणसाने पित्त उठल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीने रात्री एक पंचवीसची गोळी घेतली तर धोका फार म्हणजे फार कमी. लय बिघडल्याच्या ज्या केसेस नोंदल्या गेल्या त्यातल्या बहुतेकांत दुसरं काहीतरी आधीच होतं, हृदयाचा आजार, पोटॅशियम कमी, सोबत दुसरी तशीच औषधं. एकटी गोळी सहसा काही करत नाही, तिला साथीदार लागतात आणि हॉस्पिटलात ते साथीदार एकाच बेडवर गोळा झालेले असतात.

हॉस्पिटलमध्येच हे सगळं का जमून येतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडं लांबवतो. एक नमुन्याचा चार्ट घेऊया, कोणा एका माणसाचा नाही, पण असे चार्ट रोज दिसतात.

सत्तरीची आजी, लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलं म्हणून अ‍ॅडमिट. इन्फेक्शनसाठी लिव्होफ्लॉक्सॅसिन सुरू. उलट्या होतात म्हणून एमसेट, म्हणजे ऑन्डॅनसेट्रॉनचं इंजेक्शन. पायावर सूज म्हणून लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. जेवण नाहीच, दोन घोट पेज जाते. पोटॅशियमचा रिपोर्ट ३.१ आलाय, साडेतीनच्या खाली म्हणजे कमीच, पण तो सकाळचा आहे आणि फाइलच्या मागच्या बाजूला लावलाय. आता रात्री खाज सुटली म्हणून अटारॅक्स.

ह्यातलं लिव्होफ्लॉक्सॅसिन क्यूटी वाढवतं, एमसेट वाढवतं, लॅसिक्स लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घालवतं, उलट्यांनी ते अजून जातं. एकेक डॉक्टरने एकेक गोष्ट योग्य कारणासाठीच लिहिलेली आहे, एकही ओळ सुटी बघितली तर चुकीची वाटत नाही.

२०१३ मध्ये टिसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅडमिट पेशंटसाठी एक साधा गुणांचा तक्ता दिला, तो मला फार उपयोगी वाटतो. वय ६८ किंवा जास्त असेल तर १, बाई असेल तर १, लॅसिक्ससारखं औषध १, पोटॅशियम ३.५ किंवा कमी असेल तर २, अ‍ॅडमिट होतानाच क्यूटीसी ४५० किंवा जास्त असेल तर २, ताजा हार्ट अटॅक २, हार्ट फेल्युअर ३, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन ३, क्यूटी वाढवणारं एक औषध ३, आणि अशी दोन किंवा जास्त असतील तर आणखी ३. सहापर्यंत धोका कमी, सात ते दहा मध्यम, अकरापासून पुढे जास्त. आता आपल्या आजींचे लावून बघा: १ वयाचा, १ बाई म्हणून, १ लॅसिक्सचा, २ पोटॅशियमचे, ३ इन्फेक्शनचे, ६ दोन औषधांचे. झाले १४. आणि हे अटारॅक्स लिहायच्या आधीचे आहेत.

सोबत कोणती औषधं चालू असली म्हणजे विचारायचं?

आपल्याकडच्या वॉर्डात नेहमी दिसणारी सांगतो: अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, फ्लुकोनॅझोल, ऑन्डॅनसेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, एस्सिटॅलोप्रॅम, क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन. २०२० मध्ये कोरोनात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन सोबत देताना ईसीजी ईसीजी ऐकलं असेल तुम्ही, ते ह्याच कारणासाठी होतं.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षातच येत नाहीत. एक म्हणजे अ‍ॅसिडिटीची "पँटॉप-डी" टाइपची कॅप्सूल, तिच्यातला "डी" म्हणजे डॉमपेरिडोन, तेही क्यूटी वाढवतं, आणि पँटोप्रॅझोल महिनोन्महिने घेतलं तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. ही कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी सकाळी उपाशीपोटी चालू असते आणि औषधं सांगताना तिचं नाव कोणीच घेत नाही. दुसरं म्हणजे काढे. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेला तर पोटॅशियम उतरतं. खोकल्यासाठी चघळलेल्या एखाद्या काडीने काही होत नाही, पण रोज तांब्याभर काढा चालू असेल तर सांगा.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या टीबीच्या पेशंटबद्दल वेगळं लिहितो. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी जी औषधं असतात, बेडाक्विलिन, क्लोफॅझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, ती तिन्ही क्यूटी वाढवणारी आहेत. आणि क्लोफॅझिमिनने कातडी कोरडी पडून खाज येते. म्हणजे खाजेची गोळी मागायची वेळ नेमकी त्याच माणसावर येते ज्याला ती सगळ्यात कमी चालते. ह्या पेशंटचे ईसीजी ठराविक वेळाने होत असतात, ते चुकवू नका आणि गावातल्या मेडिकलवरून खाजेची गोळी परस्पर आणू नका, टीबीच्या सेंटरला आधी विचारा.

कोणाकोणाला जास्त जपायचं?

बायकांना. त्यांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो आणि औषधांमुळे होणाऱ्या टॉरसाडच्या केसेसमध्ये साधारण दोन तृतीयांश बायकाच असतात. म्हाताऱ्या माणसांना. ज्यांचं हृदय कमजोर आहे, ज्यांचे ठोके फार कमी पडतात, ज्यांना नुकताच अटॅक येऊन गेलाय त्यांना. रोज दारू पिणाऱ्यांना, कारण त्यांचं मॅग्नेशियम बहुतेक वेळा कमी असतं. कपाशीवर फवारणी करताना किंवा एरवी कीटकनाशकाची विषबाधा झालेल्यांना, त्या विषानेसुद्धा क्यूटी वाढतो.

आणि घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पळता पळता, पोहताना, दचकून वगैरे, किंवा कोणाला कारण नसताना बेशुद्ध पडायची सवय असेल तर ते आवर्जून सांगा. जन्मजात लांब क्यूटीचा आजार घराण्यात चालतो. "त्याला काहीतरी बाहेरचं झालं होतं" असं म्हणून विषय मिटवलेला असतो आपल्याकडे, पण डॉक्टरांना ती माहिती सोन्यासारखी असते.

उन्हाळ्यात धोका वाढतो का?

वाढू शकतो. आपल्या भुसावळ-जळगावचा मे महिना सगळ्यांना माहितीये, पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हात काम, घाम, वरून जुलाब-उलट्या, आणि बीपीची लघवीची गोळी चालूच, म्हणजे क्षार उतरायला पूर्ण वाव. घामोळ्यांची खाज पण ह्याच दिवसात. ऊन लागून अ‍ॅडमिट झालेल्या माणसाचं पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासल्याशिवाय खाजेसाठी अटारॅक्स देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

केळीत पोटॅशियम असतं ना, मग रोज दोन केळी खाल्ली तर झालं?

रावेर-यावलचा माणूस हे विचारणारच, आणि केळीत पोटॅशियम असतं हे खरंच आहे, एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम. घरी चांगला जेवणाऱ्या माणसासाठी उत्तम. पण रिपोर्ट ३ च्या आसपास असताना, उलट्या चालू असताना केळ्यांनी तो खड्डा भरत नाही, तिथे पोटॅशियमचं सिरप किंवा सलाइनमधून औषध लागतं आणि ते मॉनिटरवर बघून द्यावं लागतं. मॅग्नेशियम कमी असेल तर आधी किंवा सोबत तेही भरावं लागतं, नाहीतर दिलेलं पोटॅशियम टिकत नाही. उलट किडनीच्या पेशंटला प्रेमाने केळी खाऊ घालणं धोक्याचं आहे, त्यांचं पोटॅशियम वर जातं आणि वर गेलेलं पोटॅशियमही हृदय बंद पाडू शकतं. डब्यात काय आणायचं ते सिस्टरला विचारूनच आणा.

डायलिसिसवाल्यांना आणि काविळीत फार खाज येते, त्यांना तर हीच गोळी देतात?

देतात, आणि तिथेच जास्त विचार करायला हवा. हे औषध मोडायचं काम लिव्हर करतं. निरोगी मोठ्या माणसात ते अर्धं व्हायला साधारण २० तास लागतात, म्हाताऱ्यांत २९ च्या आसपास, लिव्हर खराब असेल तर ३७ तासांपर्यंत. म्हणजे काविळीच्या पेशंटला रोज रात्री गोळी दिली तर कालची उतरलेली नसते तेव्हाच आजची पडते. लिव्हरमधून ते मोडून सेट्रिझिन तयार होतं, हो, सर्दीच्या गोळीतलं तेच सेट्रिझिन, आणि ते किडनीतून बाहेर पडतं, किडनी बंद असेल तर साचतं. म्हणून दोन्हीकडे डोस कमी करावा लागतो.

आणि दुर्दैव असं की ह्या दोन खाजांना अँटीहिस्टॅमिनचा फारसा उपयोगच होत नाही, ती खाज हिस्टॅमिनमुळे येतच नाही मुळात. गोळीने झोप लागते एवढंच. काविळीच्या खाजेला कोलेस्टायरामिनसारखी वेगळी औषधं आहेत. डायलिसिसच्या खाजेला कातडीला सतत तेल किंवा मॉइश्चरायझर, फॉस्फरस ताब्यात ठेवणं, डायलिसिस पुरेसं होतंय का ते बघणं, आणि कमी डोसमध्ये गॅबापेंटिन, ह्याबद्दल किडनीच्या डॉक्टरांशी बोला.

वडिलांना झोप येत नाही म्हणून अटारॅक्स लिहिलीये, चालेल?

मला विचाराल तर नको. वय झालेल्या माणसाला ह्या गोळीने रात्री भ्रम होऊ शकतो, आप्पा उठून सलाइन ओढतात, सुई उपसतात, "मला घरी सोडा" म्हणतात आणि मग त्यांना शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जातं, तेही क्यूटी वाढवणारं. प्रोस्टेट वाढलेला असेल तर लघवी अडते, तोंड कोरडं पडतं, संडास साफ होत नाही, तोल जाऊन पडायचं भय वेगळंच. म्हाताऱ्यांनी टाळायच्या औषधांच्या अमेरिकेतल्या बिअर्स यादीत हे औषध आहे. वॉर्डात झोप न यायची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, दुखणं, डोळ्यावरचा लाइट, संध्याकाळी उशिरा दिलेलं लॅसिक्स ज्याने रात्रभर लघवीला उठावं लागतं. ती आधी बघा.

दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यायची?

युरोपात हंगेरीच्या नियामकाने मुद्दा काढल्यावर युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने सगळी माहिती तपासली आणि मार्च २०१५ मध्ये नियम कडक झाले. मोठ्यांना दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर नाही. म्हाताऱ्यांना शक्यतो नाहीच, आणि टाळता येणारच नसेल तर ५० च्या वर नाही. ४० किलोपर्यंतच्या मुलांना किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत. सगळ्यात कमी डोस, सगळ्यात कमी दिवस. ज्यांचा क्यूटी आधीच लांब आहे, क्षार कमी आहेत किंवा क्यूटी वाढवणारं दुसरं औषध चालू आहे त्यांना द्यायचंच नाही.

लहान मुलाचं सिरप?

दहा किलोच्या मुलाला अख्ख्या दिवसात मिळून २० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा झाली, दर वेळेला २० नाही. घरातल्या चमच्याने मोजू नका, बाटलीसोबतचं माप वापरा, आणि ड्रॉप्स आणि सिरप एकमेकांच्या जागी वापरू नका, दोघांची ताकद वेगळी असते. बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नका, गोड लागते. जास्त प्याला तर वाट न बघता हॉस्पिटलात न्या आणि बाटली सोबत घ्या.

ईसीजी काढला, मशीनने क्यूटीसी ५१६ छापलाय. घाबरायचं का?

आधी ठोके किती होते ते बघायला सांगा. बहुतेक मशिनी बॅझेटचं सूत्र वापरतात, ते १९२० चं आहे, आणि ठोके जलद असले की ते आकडा फुगवून दाखवतं. उदाहरण घ्या, खरा क्यूटी ४०० आणि ठोके मिनिटाला १००, तर बॅझेटने ५१६ येतो आणि फ्रिडेरिसियाच्या सूत्राने ४७४. एकाच पेशंटचे, एकाच पट्टीवरचे. ताप असलेल्या माणसाचे ठोके १०० असणारच. म्हणून डॉक्टरांनी हाताने मोजून बघणं चांगलं. मशीन उलटीही चुकते, पेशंट हलला, रेघ अस्पष्ट आली की लांब क्यूटी असूनही नॉर्मल छापते. म्हणून आकडा बघून रडारड करू नका आणि "मशीनने नॉर्मल दिलंय" म्हणून निर्धास्तही होऊ नका.

अ‍ॅडमिट होतानाचा ईसीजी फाइलीत असला पाहिजे हे मात्र बघा, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय नंतरच्या आकड्याला फार अर्थ राहत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून जळगावला किंवा धुळ्याला हलवलं असेल तर तिथली पट्टी सोबत आणा. ती पट्टी बऱ्याचदा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की काळी पडते, म्हणून मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवा.

कोणती लक्षणं दिसली की लगेच ओरडायचं?

अचानक धडधड, डोळ्यापुढे अंधारी, उभं राहताना नव्हे तर पडल्या पडल्या चक्कर, क्षणभर शुद्ध जाणं. आणि झटका. हे नीट वाचा, हृदयाची लय बिघडली की मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस फीट आल्यासारखे हातपाय झाडतो, डोळे फिरवतो. लोक चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाला लावतात, दातखिळी सोडवायला तोंडात चमचा घालतात. ह्यातलं काही करू नका. वॉर्डात असाल तर आरडाओरड करून सिस्टरला बोलवा आणि मॉनिटर लावायला सांगा. घरी असाल, माणूस उठवून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत.

आधी कधीच फीट आलेली नाही आणि क्यूटी वाढवणारी औषधं चालू असताना पहिल्यांदाच आली, तर ईसीजी झाला का एवढं विचारा.

असं झालंच तर उपचार काय?

मॅग्नेशियम सल्फेट, २ ग्रॅम शिरेतून, आणि रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरी देतात. कारणीभूत औषधं सगळी बंद. पोटॅशियम चारच्या वर नेऊन ठेवायचं. ठोके फार कमी असतील तर पेसिंग, म्हणजे मशीनच्या विजेने ठोके चालवणं, आणि नाडी गेली तर शॉक. वेळेवर ओळखलं तर माणूस वाचतो, औषध शरीरातून गेलं की क्यूटी बहुतेक वेळा पूर्ववत होतो.

मग खाजेला दुसरं काय घ्यायचं?

आधी खाज कशाची ते शोधायला सांगा. घरात तिघाचौघांना रात्रीच खाज येतेय, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, तर ती खरूज आहे, तिला परमेथ्रिनचं मलम लागतं आणि ते सगळ्या घराने एकदम लावायचं, अटारॅक्सने नुसती झाकून राहते. कातडी कोरडी असेल तर आंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल तेल. नवीन औषधामुळे पुरळ आलं असेल तर ते औषध बंद करणं हाच उपाय. आणि पित्ताच्या गांधीच असतील तर सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन आहेत, नेहमीच्या डोसमध्ये हृदयाच्या लयीच्या दृष्टीने ही बरीच निर्धोक मानली जातात. किडनी कमजोर असेल तर ह्यांचाही डोस कमी करावा लागतो.

अ‍ॅलर्जीच्या गोळीने हृदयावर परिणाम हे आत्ताच ऐकतोय, आधी का नाही?

आधीही झालंय. टर्फेनाडिन नावाची झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी एके काळी जगभर खपत होती. बुरशीवरचं किटोकोनॅझोल सोबत घेतलेल्या पेशंटमध्ये टॉरसाड झाल्याचं १९९० मध्ये छापून आलं, कारण ते औषध लिव्हरला टर्फेनाडिन मोडूच देत नव्हतं. १९९० चं दशक संपेपर्यंत टर्फेनाडिन आणि त्याचंच भावंड अ‍ॅस्टेमिझोल दोन्ही अमेरिकेच्या बाजारातून गेली, भारतात २००३ मध्ये बंदी आली. फेक्सोफेनाडिन हा टर्फेनाडिन मोडल्यावर शरीरात तयार होणारा भाग आहे, गुण तोच आणि हृदयाला त्रास नाही. जुनं हायड्रॉक्सिझिन मात्र बाजारात राहिलं, कारण त्याचा त्रास कमी आणि तोही बहुतेक आजारी माणसांतच, जिथे दोष आजारावर टाकणं सोपं असतं.

नावं सारखी असल्याने घोळ होतो का?

होतो. हायड्रॉक्सिझिन खाजेचं, हायड्रॅलाझिन बीपीचं. गरोदर बाईच्या बीपीसाठी हायड्रॅलाझिन वापरलं जातं, तिथे हा घोळ फार महागात पडेल. चिठ्ठी वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला "ही गोळी कशासाठी आहे" एवढं विचारा आणि उत्तर तुमच्या आजाराशी जुळत नसेल तर गोळी घेऊ नका, परत डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांना विचारलं तर ते चिडतात. कसं विचारायचं?

काही चिडतात, खरंय. राउंड संपताना एकच वाक्य विचारा: "साहेब, रात्री खाजेची गोळी चालू आहे, तर ईसीजी आणि पोटॅशियम एकदा बघून घ्याल का?" त्यात आरोप नाही, सल्ला नाही, आणि बहुतेक डॉक्टर लगेच फाइल उलगडतात. विचारायच्या आधी आपली बाजू पक्की ठेवा. घरच्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, एका पिशवीत आणा, नुसतं "बीपीची पांढरी गोळी" म्हणून कोणालाच काही कळत नाही. एका हॉस्पिटलातून दुसरीकडे हलवलं असेल तर पहिल्या ठिकाणचा औषधाचा चार्ट मागून घ्या.

गोळी बंद केली, आता लगेच दुसरं औषध चालेल?

साधारण चार-पाच दिवस जातात ते शरीरातून बऱ्यापैकी निघून जायला, म्हाताऱ्या माणसाला किंवा लिव्हरच्या पेशंटला आठवडा धरा. म्हणजे अटारॅक्स कालच बंद झाली आणि आज फ्लुकोनॅझोल किंवा अझिथ्रोमायसिन सुरू होतंय, तर ती अजून अंगात आहे असंच समजून चालायचं आणि तसं डॉक्टरांच्या कानावर घालायचं. डिस्चार्ज कार्डावर खाजेची गोळी राहिलीये का तेही बघा, खाज केव्हाच गेलेली असते पण कार्डावर "रात्री एक" तसंच छापून येतं आणि घरचे महिनोन्महिने पाकीट आणत राहतात.

त्रास झाला असं वाटलं तर नोंद कुठे करायची?

भारत सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम आहे, २०१० पासून चालतो, गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडून. त्यांचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंटसाठीचा फॉर्म वेगळा असतो आणि तो मराठीसकट भारतीय भाषांत मिळतो, डॉक्टरच पाहिजे असं नाही, घरचा माणूसही भरू शकतो. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधीपासून घेतलं, सोबत काय काय चालू होतं, त्रास कधी झाला, एवढं लिहा. पाकीट फेकून दिलं की बॅच नंबर जातो, म्हणून ते जपून ठेवा. सरकारी मेडिकल कॉलेजात असाल तर तिथल्या औषधशास्त्र विभागात ह्याचं केंद्र आहे का विचारा, असेल तर तिथले लोक फॉर्म भरायला मदत करतात.